देहदान, अवयवदान आणि घरची संमती

पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे सौदागर हे एके काळचे शेतीचे गाव. प्रथम पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीने आणि त्यानंतर हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाने या गावाचे रूप पालटून टाकले. आज येथे मूळ गावठाणातील कुटुंबे आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश या भागांतून कारखान्यातील नोकरीसाठी आलेली आणि येथेच स्थिरावलेली कुटुंबे आहेत. शिवाय उंच इमारतींतून राहणारा, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेला संगणक क्षेत्रातील नोकरदार वर्ग आहे. या वर्गाच्या मागोमाग त्याचे वृद्ध आईवडीलही आले. कित्येक घरांतील मुले पुढे परदेशी गेली आणि आईवडील येथेच राहिले.

मृत्यूनंतर देहाचे काय करावयाचे, या प्रश्नाकडे हे तीन समाज तीन दृष्टींनी पाहतात. देहदान आणि अवयवदान यांविषयीच्या लोकमताचा विचार करावयाचा, तर अशी वस्ती फार बोलकी ठरते. आपल्या देशात या दानांचे प्रमाण अल्प आहे, याचे खापर सामान्यतः अज्ञानावर व अंधश्रद्धेवर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संमतिपत्रे भरणारे लोक कमी नाहीत. अडचण येते ती प्रत्यक्ष मृत्यूच्या घरी, आणि तिची कारणे बहुधा विचारात घेण्याजोगी असतात.

‘माती’ कोणाची?

गावठाणातील कुटुंबात अंत्यविधी ही एकट्या विधवेची वा एकट्या मुलाची बाब नसते. ‘मातीला जाणे’ हा शब्दप्रयोगच पुरेसा अर्थपूर्ण आहे. भाऊबंद, सोयरे, गल्लीतील माणसे मातीला येतात. तिसऱ्या दिवशी राख सावडण्याचा विधी होतो. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. वैर विसरून माणसे याच प्रसंगी एकत्र येतात. अशा घरात देहदानाचा विषय निघाला, की ‘मग आम्ही सावडायचे काय?’ असा प्रश्न एखादे वडीलधारे माणूस विचारते. हा प्रश्न शरीररचनाशास्त्राच्या विरोधात नसतो. दुःख व्यक्त करण्याची जी एकमेव सामुदायिक रीत त्या घराला ठाऊक आहे, तीच हातून निसटेल की काय, अशी ती भीती असते. तिला ‘जुनाट समजूत’ म्हणून झटकून टाकणारा प्रचारक पहिल्याच वाक्यात सभा गमावतो.

कारखान्यासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांचा प्रश्न निराळा. मृत्यू पिंपरीत झाला तरी माती गावाकडेच व्हावी, असा त्यांचा आग्रह असतो. रात्रीतून रुग्णवाहिका ठरते आणि देह लातूर, बीड किंवा बुलढाण्याच्या वाटेला लागतो. या कुटुंबांकडून देहदानाची अपेक्षा करणे अवघड आहे. नेत्रदान मात्र निघण्यापूर्वीच्या तासाभरात होऊ शकते, हे त्यांना सहसा कोणी सांगितलेलेच नसते.

इमारतींतून राहणारे वृद्ध हा तिसरा वर्ग. देहदानाची संमतिपत्रे भरून देण्यात हे लोक पुढे असतात. शिक्षण, वाचन आणि समाजऋणाची जाणीव ही त्यामागची कारणे आहेतच. परंतु ‘मुलांना धावपळ नको’ हे कारणही कित्येकदा ऐकू येते. ते ऐकताना मन खिन्न होते. तथापि ज्या मुलाला अमेरिकेहून पोहोचावयास दीड-दोन दिवस लागणार, त्याच्या आईवडिलांनी असा विचार केला तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. येथे अडचण उद्भवते ती वेगळीच. वडिलांनी संमतिपत्र भरले होते हे मुलाला माहीत नसते. आणि दूरध्वनीवरून, मध्यरात्री, वडील गेल्याचे कळते त्याच क्षणी त्याला हा निर्णय घ्यावा लागतो. अशा क्षणी माणूस ‘नाही’ म्हणतो, ते बहुधा विचारपूर्वक नसते.

तीन दाने, तीन रीती

लोकांच्या मनातील बराचसा गोंधळ नेत्रदान, अवयवदान आणि देहदान या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी हा भेद प्रथम स्वतः नीट समजून घेणे आवश्यक आहे.

नेत्रदान कोणत्याही मृत्यूनंतर, घरीसुद्धा, होऊ शकते. बुबुळावरील पारदर्शक पटल मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत काढावे लागते. या कामास पंधरा-वीस मिनिटे पुरतात व चेहरा विद्रूप होत नाही. वयाची अट नाही. चष्मा असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे, मधुमेह असणे या गोष्टी आड येत नाहीत. रेबीज, एड्स, विषाणुजन्य कावीळ, धनुर्वात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांनी मृत्यू आला असल्यास मात्र नेत्र स्वीकारले जात नाहीत. पटल काढल्यावर देह लगेच नातेवाइकांच्या स्वाधीन होतो.

अवयवदान बहुतांशी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातच शक्य असते. रस्त्यावरील अपघातात डोक्यास मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचे कार्य कायमचे थांबते. परंतु व्हेंटिलेटरच्या साहाय्याने छाती हलत राहते आणि हृदय काही काळ चालू असते. यालाच रुग्णालयात ‘ब्रेन डेड’ म्हणतात. कोमातील रुग्ण हा जिवंत असतो. मेंदूमृत व्यक्ती वैद्यकशास्त्राच्या व कायद्याच्या दृष्टीने मृत असते. हा फरक नातेवाइकांच्या गळी उतरणे कठीण असते, कारण समोर दिसणारी छाती हलते आहे, अंग उबदार आहे. तपासणीच्या वेळी प्राणवायूचा पुरवठा चालू ठेवून यंत्राचा श्वास थांबवतात आणि रक्तातील कर्बवायू वाढूनही शरीर स्वतःहून श्वास घेते की काय, हे पाहतात. जेथे शक्य असेल तेथे ही चाचणी नातेवाइकांना समजावून सांगितली, तर शंभर व्याख्यानांहून अधिक काम होईल. मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे, स्वादुपिंड व आतडे असे अवयव एका दात्याकडून मिळू शकतात. काढलेले हृदय साधारणपणे चार तासांच्या आत रोपण करावे लागते. म्हणूनच पोलिसांच्या साहाय्याने रस्ता मोकळा ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. अवयव काढल्यावर जखम शिवून देह नातेवाइकांना परत मिळतो. माती, सावडणे, दहावा, सर्व काही रीतीप्रमाणे करता येते. गावठाणातील भाऊबंदांना हे एकच वाक्य वेळेवर कळले, तर त्यांच्या निम्म्या शंका मिटतील.

देहदानात मात्र देह परत मिळत नाही, आणि हे स्पष्टपणे सांगणेच प्रामाणिकपणाचे आहे. तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो. पिंपळे सौदागरच्या रहिवाशांना पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे; पुण्यात बैरामजी जीजीभाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे मांडीतील रोहिणीवाटे फॉर्मॅलिनसारखे द्रावण भरून देह टिकवतात. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर महिनोन्‌महिने अभ्यास करतात. काम सुरू करण्यापूर्वी देहापुढे उभे राहून आदराची शपथ घेण्याची पद्धत आता अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे. देह सोपवण्यापूर्वी घरी अंत्यदर्शन व धार्मिक विधी करण्यास कोणतीही आडकाठी नसते.

धर्मशास्त्राची बाजू

देह नसताना संस्कार कसे करावेत, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेही होता. परदेशी वा रणात मृत्यू होऊन देह हाती न आल्यास पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिकृती करून दहनसंस्कार करण्याची तरतूद धर्मग्रंथांत आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर मृत देहाच्या अभ्यासाची रीतच सांगितली आहे. देह मुंज, ताग इत्यादींनी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या नदीच्या आडोशाला सात रात्री बुडवावा. नंतर वाळा, केस वा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, असे तेथे म्हटले आहे. हा देह सर्व अवयवांनी युक्त असावा, विषाने वा दीर्घ आजाराने मेलेल्याचा नसावा, अशी सुश्रुताची अट आहे. आजच्या महाविद्यालयाच्या अटी वाचून पाहाव्यात. फरक फारसा नाही.

सभांतून दधीची ऋषींचा दाखला मात्र इतक्या वेळा दिला जातो, की त्याची धार बोथट झाली आहे. शिवाय दधीचींनी जिवंतपणी देह ठेवला. सामान्य माणसाकडून तशा त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाही. मग त्याला त्या उंचीने घाबरवून सोडण्यात काय हशील? श्रीलंकेचे उदाहरण अधिक उपयोगी पडेल. तेथे डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६०च्या दशकात बौद्ध धर्मातील दानपारमितेच्या आधारे नेत्रदानाची चळवळ उभारली. त्या छोट्या देशातून जगातील कित्येक देशांना नेत्रपटले पाठवली गेली. महाराष्ट्रातील बौद्ध समाजाने याची नोंद घ्यावी. ख्रिस्ती धर्मगुरूंनी आणि अनेक मुस्लिम विद्वानांनीही प्राणरक्षणासाठी केलेल्या अवयवदानास अनुकूल मत दिले आहे.

आधुनिक काळात, १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मोठी खळबळ माजली होती. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ आपल्याकडील विद्यार्थी शिकले ते बहुतांशी बेवारस देहांवर. १९४९च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमानुसार, विहित मुदतीत ज्यांचा ताबा घेण्यास कोणी आले नाही असे देह शिक्षणसंस्थांना देता येतात. म्हणजे ज्या निराधारांना जिवंतपणी डॉक्टर मिळाला नसेल, त्यांच्याच देहांवर डॉक्टर घडले. सुखवस्तू घरांतून आज येणारे देहदान ही त्या ऋणाची उशिरा केलेली फेड आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्राशी संबंधित दोन नेत्यांनी या बाबतीत घालून दिलेला धडा विसरण्याजोगा नाही. समाजवादी नेते प्रा. मधु दंडवते यांचे १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयास देण्यात आला. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे निवर्तले. त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस सोपवण्यात आला. राजकीय विचारांनी हे दोघे भिन्न प्रवाहांतील. या एका गोष्टीत मात्र त्यांचे एकमत होते.

इच्छा असूनही

पुण्यातील एक प्रसंग या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदानाचा संकल्प केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. खुनाच्या तपासासाठी पोस्टमॉर्टेम अपरिहार्य होते, आणि त्यानंतर देह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासास उपयोगी राहत नाही. अखेर साताऱ्यात, कोणत्याही धार्मिक विधीवाचून, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कन्येने चितेस अग्नी दिला. इतका दृढ संकल्प असलेल्या माणसाची इच्छाही अशी अपुरी राहू शकते. पोलीस प्रकरण असलेला मृत्यू, पोस्टमॉर्टेम, सांसर्गिक रोग, कुजण्यास सुरुवात झालेला देह, अशा स्थितीत महाविद्यालयास नकार द्यावा लागतो. ही माहिती आधी दिलेली नसल्यास नातेवाईक तो नकार अपमान समजतात.

येथे अवयवदानाचा नियम वेगळा आहे, आणि चाकण-तळेगाव-भोसरी या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. दुचाकीच्या अपघातात मेंदूमृत झालेल्या तरुणाचे देहदान होऊ शकत नाही. परंतु पोलीस व न्यायवैद्यक अधिकारी यांच्या अनुमतीने त्याचे अवयवदान होऊ शकते. पोस्टमॉर्टेम करावयाचेच आहे म्हणून अवयवदान अशक्य, हा समज चुकीचा आहे. पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्यांना याची कल्पना असेल, तर तास वाचतात.

कायदा आणि संशय

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ साली संमत झाला. त्यासाठी पुढाकार घेऊन ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो येथे अमलात आहे. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली. मेंदूमृत्यू एका डॉक्टरने घोषित करावयाचा नसतो. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावयाची असते, आणि अवयव काढणाऱ्या वा बसवणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात स्थान नसते. ‘कार्ड भरले तर डॉक्टर उपचारच सोडून देतील’ ही सर्वसाधारण भीती कायद्याने जाणली होती, असे यावरून दिसते.

दुसरा संशय व्यापाराचा. तो निराधार आहे असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात मूत्रपिंड प्रत्यारोपणातील गैरव्यवहाराची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. ती जिवंत दात्यांच्या संबंधातील होती. मूत्रपिंडाच्या खरेदी-विक्रीस पाच ते दहा वर्षांपर्यंत कारावास व किमान वीस लाख रुपये दंड आहे. मृत दात्याचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार वाटले जातात. पुणे विभागाची अशी समिती कार्यरत आहे. कोणाला अवयव द्यावा हे दात्याच्या घरच्यांना किंवा रुग्णालयाला परस्पर ठरवता येत नाही.

‘गरिबाने द्यावयाचे आणि श्रीमंताने घ्यावयाचे’ ही तक्रार मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. तरीसुद्धा यकृत व हृदय यांच्या शस्त्रक्रिया सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर आहेत. सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय जितकी वाढेल, तितका हा आक्षेप दुबळा होईल. केवळ आवाहनांनी तो दुबळा होणार नाही.

या संदर्भात एक आकडेवारी पाहण्यासारखी आहे. २०१३ साली देशात ५,००० पेक्षा कमी प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती १८,३७८ झाली. यांत मृत दाते केवळ १,०९९ होते. जिवंत दात्यांत ९,७८४ स्त्रिया आणि ५,६५१ पुरुष होते. याचा अर्थ उघड आहे. मृताचे अवयव मिळत नाहीत तेव्हा घरातील आई, पत्नी किंवा बहीण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. मृत्यूनंतरच्या दानास नकार देणारे घर, नकळत, कोणत्या तरी दुसऱ्या घरातील स्त्रीवर हा भार टाकीत असते.

स्पेनमध्ये १९७९ पासून कायद्याने प्रत्येक नागरिकाची संमती गृहीत धरली आहे. तथापि तेथेही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. त्या देशाने जगात आघाडी मिळवली ती १९८९ नंतर, रुग्णालयारुग्णालयांतून प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. हे समन्वयक नातेवाइकांजवळ बसतात, त्यांचे ऐकतात, घाई करीत नाहीत. आपल्या अधिनियमानुसारही संमतिपत्रावर दोन साक्षीदार लागतात व त्यांतील एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. या तरतुदीकडे केवळ सही मिळवण्याचे काम म्हणून पाहू नये. साक्षीदार म्हणून मुलाची किंवा सुनेची सही घेणे म्हणजेच तो विषय घरात काढणे होय. परगावच्या मित्राची सही घेऊन भरलेला कागद कपाटातच राहतो.

अधिकारी आणि पंचायत सदस्यांसाठी

गृहनिर्माण संस्थेच्या वा ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर जवळच्या नेत्रपेढीचा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा दूरध्वनी क्रमांक कायम लिहिलेला असावा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४७७० हा आहे. नेत्रदान करावयाचे असल्यास मृताचे डोळे मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा, एवढी माहिती शाळेतील मुलांनाही देता येईल.

देहदानाच्या कामी सर्वांत मोठी अडचण रात्री मृत्यूचे कारण लिहून देणारा डॉक्टर मिळण्याची असते. घरी झालेल्या मृत्यूत या प्रमाणपत्राशिवाय महाविद्यालय देह स्वीकारत नाही. चाकणच्या आसपासच्या गावांनी नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी याविषयी आधीच बोलून ठेवावे. शववाहिकेची सोय कोणी करावयाची, हेही महाविद्यालयास आगाऊ विचारावे. पूर्वी संमतिपत्र भरलेले नसले, तरी जवळच्या नातेवाइकांची इच्छा असल्यास देह देता येतो.

मृत्यूची नोंद, देह कोठेही दिला तरी, मृत्यू ज्या ठिकाणी झाला तेथील निबंधकाकडे २१ दिवसांच्या आत करावयाची असते. देहदानात स्मशानाची पावती नसते. म्हणून महाविद्यालयाने दिलेली पोच नातेवाइकांनी जपून ठेवावी, आणि नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तेवढ्यासाठी त्यांना परत पाठवू नये.